‘अहो’ आता पंप दुरुस्त करतात

ती. ताईस,

धाकटीचा वाकून (कंबर वाकू देईल तेवढाच) नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? माझ्या तब्येतीचं विचारू नकोस, रडगाणं होईल. हातात मोबाइल असताना हिने पत्र का लिहिलं, असं म्हणशील. तेच सांगायला बसले आहे.

लेकाने मोबाइल घेऊन दिला तेव्हा यांचा नंबर मी ‘अहो’ म्हणून ठेवला. (उभ्या जन्मात ज्यांचं नाव घेतलं नाही, ते फोनला कशाला सांगू?) हे जाऊन दोन वर्षं झाली, तरी मन भरून आलं की मी तिथेच लिहायची. उत्तराची आशा नव्हतीच. हे होते तेव्हाही शेजारच्या खोलीतून ‘हं’ एवढंच यायचं. गेल्या महिन्यात सूनबाईने माझं शिलाई मशीन न विचारता गॅलरीत नेऊन टाकलं. त्या मशीनवर घर चाललं गं चाळीस वर्षं! मी रागाच्या भरात ‘अहो’ना सगळं लिहिलं, सुनेच्या माहेराचाही उद्धार केला, आणि शेवटी लिहिलं, ‘आता न्यायला या.’

सकाळी उत्तर हजर : ‘पत्ता पाठवा. संध्याकाळी येऊन नेतो.’

इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुरतं वाक्य बोलले, आणि तेही हे! मग ‘अहो’च्या शेजारच्या फोटोत काळा चष्मा लावलेला तरुण दिसला. मोबाइल कंपनीने यांचा नंबर एका पंप दुरुस्त करणाऱ्याला दिला होता. बिचाऱ्याने ‘मशीन’ आणि ‘न्यायला या’ एवढंच वाचलं होतं. नंतर सगळं वाचून त्याने माफी मागितली आणि विचारलं, ‘काकू, भांडण मिटलं का?’

तेवढ्यात लेकाने ते पाहिलं. फसवणुकीवर तासभर व्याख्यान झालं, ‘आई, तुला काही कळत नाही’ झालं, माझ्या मोबाइलवर तो नंबर ब्लॉक झाला आणि मोबाइल त्याच्या कपाटात गेला. हे दुसऱ्यांदा गेले म्हण ना. घरात तीन माणसं आहेत, पण मला फार एकटं वाटतं, ताई.

तुझी,
धाकटी

ता. क. मशीन अजून गॅलरीतच आहे. चाक गंजून फिरेनासं झालंय.

आणखी एक. यांचा नंबर तुझ्या डायरीत असेल. त्यावर एकदा फोन कर आणि त्या पंपवाल्याला सांग, भांडण मिटलं. खोटं बोलल्याचं पाप माझ्या माथी. पण यांनी जे आयुष्यात कधी विचारलं नाही ते त्याने विचारलं, आणि माझं उत्तर द्यायचं राहून गेलं.