आधी तिच्या घरी जेव

बाई,

तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, आणि आज मला तुमचा राग आला आहे. संस्थेच्या नव्या अध्यक्षांचाही आला, पण त्यांना मी तोंडावर बोलून मोकळी झाले. तुम्हाला कुठे बोलू? संस्था माझ्या हाती देताना तुम्ही सगळे नियम वहीत लिहून दिलेत, आणि सगळ्यात मोठा तेवढा तोंडीच ठेवलात. तोच पहिला बुडाला.

मला तो दिवस लख्ख आठवतो. मी नुकतीच बी.ए. झालेली, तुमच्या मागे मागे फिरणारी. रिद्धपूरजवळच्या एका गावात मजुरी करणाऱ्या बाईला गाभण बकरी द्यायला आपण गेलो आहोत. मी तिला अंगणात बकरीशेजारी उभी करते, पदर नीट घे म्हणते, आणि मागून तुमचा आवाज येतो. वर्गात शुद्ध बोलणाऱ्या तुम्ही, चिडलात की थेट अकोल्याच्या जुन्या शहरातल्या व्हायचात. "काहून वं, तुह्या मायले कोनी लुगडं देलं तं असाच फोटो काढशीन काय? ठेव तो क्यामेरा. आधी तिच्या घरी जेव, मंग द्याचं बोल." चुलीपुढे पोत्यावर बसून मी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली. दुसरी भाकर नको म्हटलं तर ती बाई मलाच रागावली, "शहराच्या पोरी चिमणीवानी खातेत." बकरी आपण नंतर दिली, शेजारणीला विरजण द्यावं इतक्या सहज. दोन वर्षांत तिच्या दाराशी पाच बकऱ्या होत्या आणि दुसऱ्याच्या शेतात निंदायला जायचं की नाही, हे ती स्वतः ठरवत होती.

परवा बडनेऱ्यात सभागृह भाड्याने घेऊन बकऱ्यांचं वाटप झालं. देणगीदारांना फोटो लागतात म्हणे. बायकांना सकाळपासून आणून बसवलं, गळ्यात पुठ्ठ्याची पाटी: नाव, गाव आणि खाली ठळक अक्षरांत 'लाभार्थी'. रांगेतली एक म्हणाली, "बकरीले दावं अन् आपल्याले पाटी. आता बाजारात नेतेत का काय वं?" सगळ्या हसल्या. एक हसली नाही. नवरा गेलेली, पदरी दोन मुली. घरामागे कपाशीच्या वाळल्या पराट्यांचा कूड घालून तिने बकरीची जागा महिनाभर आधीच तयार ठेवली होती. तिचं नाव पुकारलं तशी ती आली, पाटी काढून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. "मी बकरी पोसाले आली साहेब, हे लटकवाले नाई." आणि चालती झाली. अध्यक्ष मला म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, तिची बकरी पुढच्या नावाला द्या."

मी नाही दिली. त्यांना चारचौघांत झापलं, बकरी गाडीत घातली आणि घरी आणली. आत्ता ती अंगणातला माझा कढीपत्ता खाते आहे. तुम्ही असतात तर शाबास म्हणाला असतात, आणि ते चुकलं असतं.

कारण पाट्या अध्यक्षांनी छापल्या, पण तिच्या गळ्यात घातली ती मी. उलटी झाली होती म्हणून सरळही केली. तुम्ही आधी जेवायचा हुकूम सोडलात, कारण सांगितलं नाहीत. मला वाटत राहिलं ती नुसती रीतभात होती. यादीसाठी मी तिच्या घरी दोनदा गेले होते. दोन्ही वेळा ती म्हणाली, "बसा, भाकर टाकतो." दोन्ही वेळा मी म्हणाले, डबा आणला आहे. कित्येक वर्षं आणते. वेळ वाचतो.

हा कागद त्या डब्याच्याच पिशवीत ठेवते. पिशवी उद्या घरी राहील, मी बकरी घेऊन तिच्या घरी जाईन. तिने पाणीसुद्धा विचारलं नाही तर काय करायचं, हे तुम्ही सांगितलं नव्हतं, बाई, आणि मला त्याची भीती वाटते.