बोर्डो प्यायले, पण फवारणीचं नव्हे

तीर्थरूप आबा,
साष्टांग नमस्कार. रागात असलात तरी घ्यावा.

फोनवर मी 'बोर्डो प्यायले' म्हणाले, तर पोरगी द्राक्षांवर फवारायचं मोरचूद प्यायली असं वाटून तुम्ही आईला हाका मारायला लागलात. त्याच नावाची वाइन असते म्हटल्यावर मात्र फोनच आपटलात. म्हणजे विष एकवेळ चाललं असतं?

मी माफी मागणार नाही. रविवारी ऑफिसातल्या दोघी मैत्रिणी माझ्या खोलीवर जेवायला आल्या होत्या. आम्ही तीन जुन्या बाटल्या उघडल्या, एकाच मळ्याच्या, वेगवेगळ्या सालांच्या. कुठली जास्त चांगली मुरली यावरून हात वाळेपर्यंत भांडलो, आई आणि आत्या लोणच्यावरून भांडतात तशा. इथे आल्यापासून इतकं कुणाशी बोललेच नव्हते. एरवी मी मजेत आहे, आईला तसंच सांगा.

एका बाटलीला दोघींनी नाकं मुरडली. पातळ आहे म्हणाल्या. मी म्हटलं, त्या साली पावसाने बाग झोडपली असणार, तरी कुणीतरी ती सोडली नाही, हे चवीत कळतंय. त्यांना पटलं नाही. उरलेली मी एकटीने संपवली. मार खाल्लेल्या बागेची बाजू घ्यायला तुम्हीच शिकवलंत, आता भोगा.

फवारताना तोंडाला फडकं बांधता ना? फोन आपटण्याआधी खोकला ऐकला मी.

तुमची, पूर्ण शुद्धीत असलेली,
थोरली