क्वॉरल म्हणजे तक्रार

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा राग काही गेलेला नाही. मीही आता शाळेत इंग्रजीच शिकवते, म्हणून तर तो जास्तच आहे.

आठवीत होते मी. आपल्या शाळेत मुलींच्या संडासाला कुलूप असायचं आणि चावी ऑफिसात. मधल्या सुट्टीत चिखलीतल्या मुली घरी पळायच्या. आम्ही खेड्यावरून एसटीने येणाऱ्या मात्र सकाळपासून पाणीच पीत नसू. तुम्ही आमचे वर्गशिक्षक, म्हणून मी रोज तुम्हालाच विचारायची, "सर, कुलूप काऊन हाय?" एक दिवस तुम्ही चिडलात आणि मला फळ्यापुढे उभं केलंत. "ही पुन्हा पुन्हा तेच बोलते. याला इंग्रजीत काय म्हणतात? क्वॉरल. क्वॉरल म्हणजे भांडणे. म्हण, आय क्वॉरल विथ एव्हरीवन." मी म्हणते. वर्ग हसतो आहे, आणि ज्यांच्यासाठी मी विचारत होते त्या मुलीही हसताहेत.

त्याच आठवड्यात तुम्ही बाबांना बाजारात गाठून सांगितलंत, मुलगी भांडखोर आहे. माझी शाळा बंद झाली. वर्षभर मी वावरात निंदलं, कापूस वेचला. चुलीपाशी बसून आई बाबांना म्हणायची, "तिनं चावीच तं मांगतली ना? त्यात भांडन कायचं?" बाबांचं एकच, "मास्तर खोटं बोलन का?" पुढच्या जूनमध्ये आईनं कुणाचं ऐकलं नाही. मला घेऊन तुमच्यासमोर उभी राहिली. "पोरीले वर्गात घ्या, सर. आन् थे कुलूप काढा." तुम्ही मान वर न करता माझं नाव लिहून घेतलंत. कुलूप निघालं ते दिवाळीनंतर.

परवा धडा घेण्याआधी मी हाच शब्द शोधून पाहिला. क्वॉरल फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि त्याच्या मागचं लॅटिन क्रियापद म्हणजे तक्रार करणे, गाऱ्हाणं सांगणे! आपली 'तक्रार' अरबीतली. तिथे तिचा अर्थ पुन्हा पुन्हा म्हणणं, आणि उर्दूत जाऊन तिचंही भांडण झालं. दोन्हीकडे तेच. कुणीतरी गाऱ्हाणं सांगतं, ऐकणारा ऐकत नाही, म्हणून ते परत सांगावं लागतं, आणि मग तोच ऐकणारा म्हणतो, ही भांडते. तुमच्या टेबलावर तो जाडजूड शब्दकोश असायचा, सर. एकदा उघडून बघायला काय झालं होतं? माझं एक वर्ष गेलं हो त्या शब्दापायी!

हे पत्र कुठे टाकणार नाहीच. पण खरं सांगते, तुम्ही आज असतात आणि मी तुमच्या दारात आले असते, तरी यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नसतं. पाया पडून, चहा पिऊन परत आले असते.