सहा डबे आणि एक किरकिऱ्या

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा निम्माच समज). हे पत्र मी तीन आठवडे टाळतो आहे. पहिल्या आठवड्यात पेन नव्हतं. दुसऱ्यात होतं, पण वाटेत एक माणूस कुंपण घालत होता, ते बघत बसलो. तिसऱ्यात मात्र पेनही होतं आणि वेळही, फक्त सांगायचा धीर नव्हता. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींची स्कूटर एका किकमध्ये सुरू होते का? (होत नसणारच, पण विचारावं.)

तर, नोकरी. एका जागी महिनाभर टिकून दाखव म्हणाली होतीस. दीड महिना झाला, टिकलोय, आणि या दीड महिन्यात एका पक्ष्याने माझं डोकं खाल्लं आहे. काम असं: रानात झाडांना हिरवे डबे बांधायचे. डब्यात रेकॉर्डर असतो, तो रोज पहाटे आपोआप सुरू होतो आणि पक्ष्यांचं गाणं टिपतो. मग शिंप्याच्या दुकानावरच्या आमच्या खोलीत बसून ते ऐकायचं (खालून शिलाई मशीन, कानात पक्षी, डोकं मधल्यामधे), आणि कुठल्या डब्यात कोण गायलं यावरून रानात कोण किती उरलेत याचा अंदाज बाई बांधतात. बाई म्हणजे आमच्या साहेब. पक्ष्यांशी हळू बोलतात, माझ्याशी नाही.

सगळ्यांना हवा आहे तो एक राखाडी, चिमणीहून बोटभर मोठा पक्षी. बाई त्याला लांबलचक नावाने हाक मारतात, मी किरकिऱ्या म्हणतो. हा प्राणी पहाटेपासून एकच ओळ म्हणतो आणि तिसऱ्या सुरावर अडखळतो, भावोजींच्या स्कूटरसारखाच. पुन्हा पहिल्यापासून. मी दिवसाला सहा तास तेच ऐकतो. परवा मी भाजीवाल्याला भाव विचारताना तिसऱ्या शब्दावर अडखळलो.

आता खरं सांगतो, पण भावोजींना वाचून दाखवू नकोस. एक डबा तळ्याकाठी आणि पाच टेकडीवर, तीनतीनशे पावलांवर बांधायचे, असं बाईंनी नकाशावर लाल ठिपके काढून दिलं होतं. मी निघालोही. तळ्यापाशी चपलेचा अंगठा तुटला. तिथे एक नावाडी नावेला डांबर लावत होता, त्याच्याशी बोलत बसलो (माणूस पूर्वी तंबोरे बनवायचा, ते कसं सुटलं ही मोठी गोष्ट आहे, नंतर सांगेन). दुपार झाली, टेकडी होती तिथेच होती, आणि मी साही डबे तळ्याभोवतीच बांधून टाकले. परिणाम असा की तो एकटा किरकिऱ्या साही डब्यांत गायला. त्याच मिनिटाला, तसाच अडखळत. कॉम्प्युटरने सहा ठिकाणी सहा मोजले, आणि बाईंना वाटतंय टेकडीभर किरकिरे झालेत.

मी गप्प बसलोही असतो. पण तळ्याकाठची झाडं तोडून तिथे गाड्या उभ्या करायला जागा करायची, असं एका समितीच्या मनात आहे. पक्षी टेकडीवरही भरपूर आहेत म्हटल्यावर समितीला आयतंच कारण मिळालं. पुढच्या सोमवारी निर्णय. झाडं गेली की हा एकुलता एक किरकिऱ्याही जाणार, आणि त्याला घालवणारा मी.

दोनदा सांगायला गेलो. पहिल्यांदा बाईंनी खुर्ची दिली आणि "तुमच्यामुळे हे काम उभं राहिलं हो" म्हणाल्या. दुसऱ्यांदा मी तोंड उघडलं आणि हेडफोनच्या वायरबद्दल बोलून परत आलो. वर आणखी त्या सध्या सगळं रेकॉर्डिंग स्वतः पहिल्यापासून ऐकताहेत. काल चौथ्या डब्यापर्यंत आल्या. सहावा बांधताना चुकून त्याचं बटण दाबलं गेलं होतं, त्यामुळे त्यात नावाडी विचारतो, "अहो, सगळे इथंच?" आणि माझा स्पष्ट, खणखणीत आवाज आहे: "मग काय, पक्षी फूटपट्टी घेऊन बसलेत का?"

गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र लिहिलं ते यासाठी: शाळेत माझी माफीपत्रं तूच लिहायचीस. तसंच एक बाईंना लिहून पाठव, मी माझ्या अक्षरात उतरवतो. चार ओळी पुरेत, मी लिहिलं की नावाड्यावर जातं. पक्षी सहा नाहीत, एकच आहे, आणि तो तळ्यावर आहे, एवढं त्यात हवंच. सोमवारच्या आत.

ता. क. दुसरं. थांब, लिहू नकोस. मी तळ्याकाठीच बसलोय. किरकिऱ्या डावीकडे नेहमीसारखा रडत होता आणि आत्ता पलीकडच्या काठावरून दुसऱ्याने उत्तर दिलं. हा कोण, कुठून आला, कुणास ठाऊक. दोघं एकाच वेळी बोलताहेत, म्हणजे या खेपेला तरी मी एकालाच दोनदा मोजलेलं नाही. बाईंना बोलवायला निघालो. हा दुसरा खरा आहे हे त्यांना पटवायचं तर ते सहा खोटे होते हेही सांगावंच लागणार. ते वाटेत जुळवतो. चप्पल अजून तुटकीच आहे.