बदनापूरचा पहिला कॅम्पिंग ट्रेलर

२ नोव्हेंबर, रविवार
निर्णय पक्का. ट्रेलर घेणार. आपल्या मिक्सर-पंख्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना व्हिडिओ बघून अभ्यास पूर्ण केला. ट्रेलर तीन प्रकारचे. एक, गाड्या वाहायचा उघडा. दुसरा सामानाचा बंद डबा. तिसरा राहायचा, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी. आपल्याला तिसरा. जीपच्या मागे जोडायचा आणि आईला अजिंठ्याला न्यायचं. गुडघे गेल्यापासून तिला लॉजचे जिने नको वाटतात.

१६ नोव्हेंबर
ट्रेलर दारात. सेकंडहँड, पण रंग नवा. दोनच चाकं, त्यामुळे वळायला हलका. ओटा आणि टाकी पार मागच्या टोकाला बसवून घेतली, म्हणजे पुढे पलंग ऐसपैस. अक्षताचं म्हणणं, मागे वजन गेलं की ट्रेलर डोलतो. बायको टेंभुर्णीची, कॉलेजात असताना वडिलांचा ट्रॅक्टर चालवायची. तिला समजावलं, ट्रॉली वेगळी, ट्रेलर वेगळा. ती शाळेच्या वह्या तपासायला बसली.

२१ नोव्हेंबर
रिव्हर्सचा सराव. ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग डावीकडे. तत्त्व समजलं. शेजारच्या साहेबरावांचं फाटक तसंही जुनंच होतं.

२३ नोव्हेंबर, सकाळ
आज वाटूरपर्यंत ट्रायल, आई आणि अक्षताही सोबत. टाकी काठोकाठ भरली. अक्षता म्हणाली, रिकामी न्या. कॅम्पिंगला रिकामी टाकी कोण नेतं?

त्याच दिवशी, संध्याकाळ
 
चहाला थांबलो तेव्हा आई म्हणाली पाठ दुखून राह्यली, मागं पलंगावर पडते. चालत्या ट्रेलरात माणूस नको, असं अक्षतानं दोनदा सांगितलं. मी म्हणालो, एवढ्याशा वेळात काय होतंय.
पुढे उतार लागला. एक ट्रक ओव्हरटेक करून गेला आणि ट्रेलर डोलू लागला. आधी डाव्या आरशात दिसला, मग उजव्या. जीपचं बूडच ओढलं जात होतं. समोरून एसटी. मी ब्रेककडे पाय नेला.
"ब्रेक नका दाबू. पाय काढा नुसता," अक्षता म्हणाली आणि हात घालून स्टिअरिंग सरळ धरलं.
मी तेच करणार होतो.
एसटी गेली. ट्रेलर डोलत डोलत हळू झाला आणि एक चाक कपाशीत घालून थांबला. दार अडकलं. आतून आवाज नाही. मी "आई, आई" करत दार बडवत होतो, असं अक्षता सांगते. मला आठवत नाही.
दार निघालं. टाकीचं झाकण उडालेलं. आई पलंगाची कड धरून बसलेली, ओलीचिंब, कपाळाला टेंगूळ. माझ्याकडे बघितलंच नाही.
"अक्षता, आता तू चालव," म्हणाली.

२४ नोव्हेंबर
टाकी चाकांच्या पुढे घेतली. माझा प्लॅन बी हाच होता. आईला विचारलं, रागावलीस का. म्हणाली, मी भ्याले व्हते रे.


१३ डिसेंबर, शनिवार
दोघी सकाळी अजिंठ्याला निघाल्या. अक्षता चालवायला, आई तिच्या शेजारी. मी स्वतःहूनच राहिलो. लग्नसराईत मिक्सर कोण विकणार? मागची सीट मोकळीच होती म्हणा.
दुपारी फोन केला, टायरची हवा बघा सांगायला. आईनं उचलला. इथं रेंज न्हाई म्हणाली आणि ठेवला.