नराच्या रक्तातला बलक

१२ नोव्हें.
पुन्हा निळा. माद्यांच्या रक्ताच्या नळ्या निळ्या व्हायलाच हव्यात, त्याचं काही नाही. पण आपल्या खाडीतल्या बोय माशांचे नरही निळे. नर मीच निवडले, पोट दाबून पांढरं दूध, म्हणजे रेतच, येतं ते बघून. ते घेतले होते नुसते तुलनेला, शून्य दाखवायला. शून्य कुठलं, डोंबल.

माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "नळ्या साबणाने धुतल्यास? फॉस्फेट साबणाचाच असणार." असेल बाई. देव करो नि साबणच असो.

१४ नोव्हें.
सगळी काच आम्लात बुडवून ठेवली, मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुतली. हात सोलवटलेत.

स्वतःलाच पुन्हा समजावते, कारण डोकं चालेना. अंड्याच्या बलकात फॉस्विटिन असतं, फॉस्फरसने ठासून भरलेलं. त्याचं मूळ प्रथिन मादीच्या यकृतात तयार होतं, रक्तातून अंड्याकडे जातं, तिथे त्याचे तुकडे होतात. रक्त घ्यायचं, प्रथिन वेगळं काढायचं, अल्कलीत तापवलं की फॉस्फेट सुटतो. मग मॉलिब्डेटने निळा. नराच्या यकृतातही हे प्रथिन करायची कृती असते, पण मादीचं संप्रेरक मागायला येत नाही म्हणून ती नुसतीच पडून राहते.

म्हणजे कोणीतरी मागायला आलंय. पाण्यातून.

१५ नोव्हें.
स्वच्छ काच. निळा.

१६ नोव्हें.
घरी गेले. दादा जाळं झाडत होता, भलताच खुशीत. "यंदा बोय कशी गाबोळीने भरलीय बघ गो. दर माशात हाय." आमच्या वाडीत जाळ्यातली पहिली गाबोळी, माशाची अंडी, विकत नाहीत, पोटुशीला देतात. यंदा वाडीत पोटुशी एकटी वहिनी. त्यामुळे सगळ्यांच्या घरून तिच्याकडेच. चुलीवर तव्यात गाबोळी, फडताळात गाबोळी, शेजारची काकी आणखी घेऊन दारात उभी.

वहिनीला सातवा. याआधी दोन राहिली नाहीत. यावेळी अंग भरलंय तिचं, गाल वर आलेत. मला म्हणाली, "ये, बस, तू पण खा." वास छान येत होता. मी म्हटलं, पोट बिघडलंय. खोटं बोलायला मला कधी जमत नाही, पण तिने विश्वास ठेवला.

२० नोव्हें.
एसटीने बुरोंडीला, दुसऱ्या पाण्यातले नर तपासायला. रस्ता असा की कंबर मोडली. तिथल्या एका म्हाताऱ्याने जाळ्यातून जिवंत बोय दिली, रक्त काढताना बघत बसला. "दवाखान्यात न्यायची काय ह्यांना?" म्हणाला. हसले. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन परत.

२२ नोव्हें.
बुरोंडीचे नर कोरे. पाण्यासारखे. माझी कृती बरोबर, काच बरोबर, साबणबिबण काही नाही.

मग आपला एक नर फाडला. दुधाच्या पांढऱ्या पिशवीत पिवळसर ठिपके. सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. अंडी. कच्ची, पण अंडीच. मी उठून खिडकी उघडली नि तशीच उभी राहिले. दादाच्या तव्यावरची गाबोळी सगळी माद्यांचीच होती का, कोण सांगणार.

२३ नोव्हें.
मॅडमना दाखवलं. बराच वेळ बघत होत्या. "आणखी नमुने घे. वर कळवायचं ते मी बघते. तोवर बाहेर बोलू नकोस, लोक घाबरतील."
घाबरायलाच हवेत ना. पाण्यात काय आहे, कुठून येतंय, ते मला सांगता येत नाही. मासा खाल्ला तर माणसाला काय होतं, तेही नाही. बलक स्वतः विष नाही, तो नुसता सांगतो की पाण्यात काहीतरी आहे. मॅडमचं चूक नाही. पण त्यांची वहिनी नाही तिथे.

२५ नोव्हें.
सांगितलं. सरळ घरी जाऊन, दोघांना समोर बसवून.
दादा आधी हसला. मग चिडला. "नराला अंडी? शिकून शिकून डोकं फिरलंय तुझं. आजा हेच खाऊन गेला, बापूस हेच खाऊन गेला." मी म्हटलं, त्यांच्या वेळचं पाणी हे नव्हतं. "मग खायचं काय, तुझी नळी?" उठून गेला. दाराशी थांबून म्हणाला, "तिच्यासमोर कशाला बोललीस?"
त्याचं बरोबर होतं, आणि तरी मी बोलले ते बरं झालं. रडू आलं. वहिनीने ताट उचललं, गाबोळी कोंबड्यांना टाकली.

२६ नोव्हें.
सकाळी निघाले तर वहिनी माझ्यामागून पाणंदीपर्यंत आली. दादाला सांगून नाही आली, हे दिसत होतं.
"तू माशाच्या रक्तात बघतेस ना, निळं होतं की नाही ते?"
"हो."
"माझ्यातपण बघ." कोपरापर्यंत पदर सारून हात पुढे केला. शिरा छान दिसत होत्या.

सांगितलं तिला, बाईचं शरीर बलक करतच नाही. माशात निदान दिसतं. आपल्यात निळं होणारं काही नाहीच. नळी कोरीच येणार, काही असलं तरी, नसलं तरी.
तिने ऐकून घेतलं. हात मात्र तसाच धरून होती.
"कोरी आली तर मला तेवढंच सांग," म्हणाली.