डावीकडच्या टोकाचं केंद्र

मंगळवार, १९ नोव्हेंबर
दुकानातून, सकाळी साडेदहा

प्रिय बडबडीस,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तूही बरी असशील, निदान आवाजावरून तरी बरी वाटतेस. मागच्या आठवड्यात दोन दिवस सर्दी होती तेवढीच.

तुझ्या घरचा पत्ता आईने दिला आहे, तरी हे रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी आलं तर पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते न फोडता ठेवून देशील. केंद्रावर आलेली पत्रं मात्र तुला फोडावीच लागतात, तुझी नोकरीच ती. फक्त हे कार्यक्रमात वाचू नकोस.

आईचे गुडघे पूर्वीपेक्षा वाईट आहेत. ऐकूही कमी येतं, पण ते ती कबूल करत नाही. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात असं तिचं म्हणणं. तुझी वहिनी शाळेत मुख्याध्यापिका झाली, त्यामुळे आता घरीही मला ओळीत उभं राहावं लागतं. दुकान चालू आहे. समोरच्या औषधवाल्याचं लग्न झालं, अखेर.

नऊ वर्षांनी लिहितोय आणि रेडिओच्या दुरुस्तीवर येतोय, तर हसू नकोस. मला दुसऱ्या कशाबद्दल लिहिता येत नाही.

घरच्या सेटवर तुझं केंद्र नीट लागत नाही, ही आईची तक्रार जुनी आहे. तिने पत्रात तुला लिहिलंही असेल. डायलच्या डावीकडच्या टोकाला काटा नेला की नुसती खरखर, आणि मधूनच कुणी उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा आवाज. त्यावर मी काय काय केलं ते ऐक. गच्चीवर दोन काठ्या रोवून तांब्याची तार ताणली. अर्थिंगसाठी दुसरी तार न्हाणीघरातल्या नळाला बांधली. फ्रिजची मोटर चालू झाली की सेट गुरगुरतो, म्हणून फ्रिज मागच्या खोलीत नेला. बैठकीच्या खोलीतली ट्यूब काढून साधा दिवा लावला. सेट खिडकीत ठेवून पाहिला, कपाटावर ठेवून पाहिला. मीडियम वेव्हचा सेट नुसता थोडा फिरवला तरी लांबचं केंद्र उजळतं, हे आईला मीच शिकवलं. तेव्हापासून ती सव्वाबाराला, तुझ्या कार्यक्रमाच्या वेळी, सेट कडेवर घेऊन घरभर फिरायची. गुडघे असे, तरी फिरायची. न्हाणीघराच्या दारात उभं राहिलं की एखादं वाक्य कळायचं म्हणे. मग ती तिथेच, भिंतीला टेकून.

शेजारी म्हणायचे, मुलगा आईसाठी किती करतो. मी ऐकून घ्यायचो.

बडबडे, त्या सेटमध्ये बिघाड नव्हता. बिघाड मी केला होता.

बाबा गेले तो दिवस तुझ्यासमोर परत मांडायचा नाही असं ठरवून बसलो होतो, पण तो वगळून पुढे जाता येत नाही. सकाळी नऊला त्यांना त्रास सुरू झाला तेव्हा मी औषधवाल्याच्या फोनवरून तुमच्या केंद्रावर निरोप ठेवला. अकराला ते गेले. घर माणसांनी भरलं. रेडिओ सकाळपासून बारीक आवाजात चालू होता, तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. सव्वाबाराला तू आलीस. लोकरीचे कपडे कसे धुवावेत हे कुणा बाईंना सांगत होतीस, आणि मधे हसलीस. बाबा खाली, आणि वर शेल्फावरून तू हसतेस.

संध्याकाळी तू पोचलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. निरोपाची चिठ्ठी तुला एक वाजता, कार्यक्रम संपल्यावर मिळाली होती. ती तू माझ्यापुढे धरलीस, त्यावर वेळही लिहिलेली होती म्हणे. मी ती हातात घेतली नाही. चार माणसांसमोर तुला म्हणालो, जा, तिकडेच जाऊन हस, या घरात परत पाय ठेवू नकोस. ते तुला पाठ असेल. मलाही आहे.

चौथ्या दिवशी दुपारी आई उठली आणि तिने रेडिओ लावला. "बघू, पोरगी कामावर पोचली का," म्हणाली. मला ते सहन झालं नाही. संध्याकाळी सेट गुणगुणतोय असं सांगून दुकानात आणला आणि उघडला. आत एक काळी कांडी असते, तिच्यावर तारेचं वेटोळं बसवलेलं असतं, सेटचा कान म्हण हवं तर. ते वेटोळं योग्य जागी असलं तर डावीकडची केंद्रं नीट येतात. मी मेण खरवडलं, वेटोळं दोन बोटं बाजूला सरकवलं आणि वरून नवं मेण ओतलं. जवळची केंद्रं पूर्वीसारखी ठणठणीत, आणि तुझं गेलं. आईला म्हणालो, अंतर फार आहे, त्यांनी तिकडची ताकद कमी केली असेल. तिला माझ्या कामावर विश्वास. गच्चीवरची तार, नळ, फ्रिज, ती सगळी त्यावरची सारवासारव.

आता उरलेलंही सांगतो. मी मात्र तुला ऐकत होतो. पहिलं वर्ष नाही. दुसऱ्या वर्षी एका गिऱ्हाइकाचा सेट तपासताना अचानक तू लागलीस, आणि माझा हात बटणावरून हलला नाही. मग रोज. दुकानातल्या कामाला ते सोयीचंही पडलं. तुझं केंद्र लांबचं, नाजूक. ज्या सेटवर तू स्वच्छ लागशील तो सेट बरा झाला असं मी धरतो. त्याशिवाय तो गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. म्हणजे आपल्या भागातल्या कितीतरी घरांत तुला मी नीट बसवून दिलं आहे, एक आपलं घर सोडून. लाज वाटते हे लिहायला, पण आधी करायला वाटली नाही, हे खरं.

बिंग फुटलं ते शिंपीणबाईंमुळे. त्यांचा सेट मीच दुरुस्त करून दिला होता. गेल्या महिन्यात त्या आईला रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "तुमची लेक रोज येते हो आमच्याकडे, मशीन चालवता चालवता ऐकते मी."

आई घरी येऊन मला म्हणाली, "तिच्याकडे लागतं आणि आपल्याकडे का लागत नाही?"

मी म्हणालो, त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, उंचीचा फरक पडतो.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला औषधवाला धावत दुकानात आला. आई शिंपीणबाईंच्या जिन्यात बसली होती. पहिला मजला चढून झाला होता, पुढचे दोन राहिले होते. मला पाहून म्हणाली, "तू जा दुकानात. मी बसत बसत जाईन वर. सव्वाबाराला वेळ आहे अजून."

मी तिला धरून खाली आणलं. त्याच संध्याकाळी सेट उघडला आणि वेटोळं जागेवर सरकवलं. काम दहा मिनिटांचं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून घरी थांबलो. सव्वाबाराला तू अगदी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी आलीस. आईने सेटच्या जाळीला कान लावला आणि पूर्ण अर्धा तास हलली नाही. मला वाटलं, रडेल. तू संपवलंस, तेव्हा तिने कान काढला.

"बाई छान बोलते," म्हणाली. "पण ही आपली नव्हे."

मला आधी ती थट्टा करते आहे असं वाटलं. म्हटलं, अगं, नाव सांगितलं ना शेवटी. ती म्हणाली, "नावं काय, सारखी असतात माणसांची. आपलीचा आवाज पातळ. ही कोण जाड गळ्याची पोक्त बाई आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकलं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सेट बंद केला आणि मला समोर बसवलं. "तिचं काय झालंय ते खरं सांग. कामावरून काढलं का तिला? आजारी आहे का? पत्रात ती सगळं गोड लिहिते, आणि तुम्ही दोघं नवराबायको मिळून मला फसवताय."

तिचं जेवण निम्म्यावर आलं. तुझी जुनी पत्रं काढून अक्षर ताडून पाहत बसायची. वहिनीने सांगून पाहिलं, शिंपीणबाईंनी सांगितलं. उपयोग नाही.

मी दुकानात येऊन तुला ऐकलं, नीट लक्ष देऊन. मला तू पूर्वीसारखीच वाटलीस. मग ध्यानात आलं. रोज ऐकणाऱ्याला बदल कळत नाही. तुझा आवाज नऊ वर्षांत थोडा थोडा भरत गेला, आणि तो माझ्या कानावरून गेला. आईकडे तू अजून तिथेच आहेस, सव्विसाव्या वर्षाची. मधली सगळी तू, ती मी ठेवून घेतली.

परवा तिला सांगितलं. बाबांच्या चौथ्या दिवसापासून सगळं, दुकानातल्या ऐकण्यासकट. शेवटी ती म्हणाली, "किती सरकवलं होतंस?"

मी दोन बोटं दाखवली.

"एवढंच?" म्हणाली, आणि माझ्या बोटांकडे पाहत राहिली.

मग दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. वहिनीने वाढलेलं मात्र पोटभर जेवली, कारण तुझं बरं चाललंय हे आता तिला पटलं होतं. काल सकाळी मी चपला घालत होतो तेव्हा आतून म्हणाली, "तिला लिही. रेडिओवर कितीही ऐकलं तरी आता मला ती नवीच. म्हणावं, समोर येऊन बस आणि बोल. मी शिकेन."

हे तिने सांगितलं म्हणून लिहिलं. ती नसती म्हणाली तर माझ्या हातून लिहून झालं असतं असं मी म्हणणार नाही, कारण आता खोटं पुरे. पण लिहायला बसल्यावर कळलं की मलाही तू यायला हवी आहेस. मी चुकलो. तू त्या दिवशी हसलीस तेव्हा तुला काही माहीत नव्हतं, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. नंतरची नऊ वर्षं नुसता हेका होता.

रजा कधी मिळते ते कळव, औषधवाल्याच्या नंबरावर निरोप ठेवलास तरी चालेल. बसथांब्यावर मी एकटाच येईन. आईला तिथे आणणार नाही, कारण तिच्यासमोर तू मला काही बोलायची नाहीस, मला तुझा स्वभाव ठाऊक आहे. थांब्यामागे बाक आहे. तिथे बसू आणि तुला मला जे बोलायचं असेल ते सगळं बोलून घे, हवा तितका वेळ. मी मधे तोंड उघडणार नाही. मग घरी जाऊ.

तुझा ऐकणारा,
दादा